‘ब्रेडाचा वेढा’ : झाक कालो याच्या अम्लरेखनाचे स्वरूप आणि ऐतिहासिक साधन म्हणून त्याचे मूल्य

प्रास्ताविक

युद्धाचा इतिहास लिहिताना इतिहासकार तहनामे, पत्रव्यवहार, हिशेबाची कागदपत्रे आणि समकालीन वृत्तांत यांचा आधार घेतो. चित्रांचा उपयोग मात्र बहुधा ग्रंथाच्या सजावटीसाठी केला जातो. मजकुराच्या शेजारी चित्र छापले, त्याखाली दोन ओळींचा परिचय दिला, म्हणजे त्याचे काम संपले असे मानण्याची प्रथा आहे. वास्तविक चित्र हेही एक साधन आहे आणि इतर साधनांप्रमाणेच त्याची चिकित्सा होणे आवश्यक आहे. ते कोणी काढले, कोणाच्या सांगण्यावरून काढले, कोणत्या माहितीच्या आधारे काढले आणि त्यात काय वगळले, हे प्रश्न दस्तऐवजाला जसे विचारले जातात तसेच ते चित्रालाही विचारले पाहिजेत.

सतराव्या शतकातील युरोपात वेढ्यांची मुद्राचित्रे मोठ्या प्रमाणात तयार झाली. त्यांपैकी लॉरेन प्रांतातील कलावंत झाक कालो (१५९२–१६३५) याने केलेले आणि १६२८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ब्रेडाचा वेढा’ हे अम्लरेखन बरोक काळातील एक महत्त्वाची कृती मानले जाते. हे चित्र एकाच वेळी नकाशा आहे, विजयाचे स्मारक आहे आणि सैनिकी जीवनाचे निरीक्षणही आहे. या तीन भूमिका एकाच कागदावर आल्यामुळे ते विश्वासार्ह किती, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१. ब्रेडाच्या वेढ्याची (१६२४–२५) ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. कालोचे अम्लरेखनाचे तंत्र आणि चित्राची रचना यांचा परस्परसंबंध पाहणे.
३. ऐतिहासिक साधन म्हणून या चित्राचे सामर्थ्य व मर्यादा निश्चित करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नेदरलँड्‌समधील प्रांतांनी स्पेनच्या सत्तेविरुद्ध पुकारलेला लढा १५६८ पासून १६४८ पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षे चालला. त्यात १६०९ ते १६२१ या बारा वर्षांत तहामुळे शांतता होती. ही मुदत संपताच युद्धाला पुन्हा तोंड फुटले. उत्तरेकडील प्रांत स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून उभे होते, तर दक्षिणेकडील प्रांत स्पेनच्या अंमलाखाली होते. दक्षिणेचा कारभार स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची कन्या इसाबेला क्लारा युजेनिया हिच्याकडे होता. १६२१ मध्ये पती आल्बर्ट याच्या निधनानंतर ती स्पेनच्या राजाच्या वतीने एकटीने राज्यकारभार पाहत होती.

ब्रेडा हे ब्राबंट प्रांतातील तटबंदीचे शहर. सरहद्दीवर असल्याने त्याला लष्करी महत्त्व होते आणि ते नासाउ घराण्याचे ठाणे असल्याने त्याला प्रतिष्ठेचेही महत्त्व होते. १५८१ मध्ये ते स्पॅनिश सैन्याने घेतले होते. १५९० मध्ये सुमारे सत्तर डच सैनिक पीट नावाचे मातीचे जळण वाहणाऱ्या होडीत लपून आत शिरले आणि शहर पुन्हा डचांकडे आले. या घटनेची आठवण दोन्ही बाजूंना होती.

ऑगस्ट १६२४ च्या अखेरीस स्पेनचा सेनापती आंब्रोजिओ स्पिनोला याने ब्रेडाला वेढा घातला. स्पिनोला मूळचा जिनोआचा, श्रीमंत घराण्यातील आणि वेढ्याच्या शास्त्रात निष्णात असा होता. ब्रेडाची तटबंदी त्या काळातील उत्तम तटबंद्यांपैकी एक होती आणि भोवतालची बरीचशी जमीन सखल व दलदलीची होती. अशा ठिकाणी सुरुंग लावून वा तोफा डागून तट फोडणे आणि हल्ला चढवणे हा मार्ग फार खर्चिक ठरला असता. म्हणून स्पिनोलाने उपासमारीचा मार्ग निवडला. शहराभोवती मोर्चांची दुहेरी रांग उभारण्यात आली. आतली रांग शहरातून बाहेर पडणाऱ्यांना अडवण्यासाठी होती, तर बाहेरची रांग मदतीला येणाऱ्या फौजेला थोपवण्यासाठी होती. या रांगांवर ठिकठिकाणी दमदमे आणि छोट्या गढ्या बांधल्या गेल्या. गिनेकेन, टेरहायडेन, टेटरिंगेन आणि हाखे या गावांच्या परिसरात सैन्याच्या मुख्य छावण्या पडल्या.

शहराचा किल्लेदार यूस्टिनस व्हान नासाउ हा होता. बाहेरून मदत पोहोचवण्याचे डचांचे प्रयत्न एकामागून एक निष्फळ ठरले. मार्क नदीचे पाणी अडवून वेढेकऱ्यांच्या छावण्या बुडवण्याचा बेत फसला. काउंट मान्सफेल्ट याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडमधून आलेली फौज रोगराई व उपासमार यांमुळे रणांगणावर पोहोचण्यापूर्वीच क्षीण झाली. एप्रिल १६२५ मध्ये डचांचा प्रमुख मौरित्स याचे निधन झाले. त्याचा सावत्र भाऊ फ्रेडरिक हेन्ड्रिक याच्या काळात, मे महिन्यात, टेरहायडेनच्या बाजूने झालेला निकराचा हल्लाही परतवला गेला. अखेर जून १६२५ च्या आरंभी तह ठरला आणि ५ जून रोजी सुमारे साडेतीन हजार सैनिकांची शिबंदी शस्त्रे व निशाणे घेऊन सन्मानाने शहराबाहेर पडली. वेढा नऊ महिन्यांहून अधिक काळ चालला होता.

चित्रकार आणि चित्राची निर्मिती

कालोचा जन्म नान्सी येथे झाला. तारुण्यात तो इटलीला गेला आणि फ्लॉरेन्समध्ये दुसरा कोसिमो दे मेदिची याच्या दरबारी राहिला. दरबारातील उत्सव, मिरवणुका, नाट्यप्रयोग यांची चित्रे काढणे हे त्याचे काम होते. गर्दीचे चित्रण करण्याचे असामान्य कौशल्य त्याने याच काळात मिळवले. इम्प्रुनेता येथील जत्रेवर त्याने १६२० मध्ये केलेल्या अम्लरेखनात अकराशेहून अधिक आकृती मोजल्या गेल्या आहेत. १६२१ मध्ये कोसिमोचे निधन झाल्यावर कालो नान्सीला परतला.

ब्रेडाचा विजय चित्रबद्ध करण्याचे काम इसाबेलाने कालोकडे सोपवले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वेढा चालू असताना कालो तेथे नव्हता. तो नंतर ब्राबंटमध्ये आला. वेढ्याच्या रचनेची माहिती त्याने अभियंत्यांच्या मोजणीवरून आणि लिखित वृत्तांतावरून घेतली. स्पेनच्या सेवेतील इटालियन लष्करी अभियंता जोव्हान्नी फ्रान्चेस्को कान्तागाल्लीना याच्याकडून त्याला मोर्चांचे आराखडे मिळाले. लिखित वृत्तांतांपैकी महत्त्वाचा म्हणजे हर्मान हुगो या जेझुइट धर्मगुरूचा लॅटिन ग्रंथ होय. हुगो स्पिनोलाच्या सैन्यासोबत वेढ्यात उपस्थित होता. त्याचा ग्रंथ १६२६ मध्ये अँटवर्पच्या प्लान्टिन मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला आणि १६२७ मध्येच त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले.

कालोचे चित्रही १६२८ मध्ये त्याच मुद्रणालयाने प्रकाशित केले. सहा स्वतंत्र ताम्रपत्रांवरून सहा कागद छापायचे आणि ते जोडून एक चित्र तयार करायचे, अशी त्याची योजना होती. जोडलेल्या चित्राचा आकार सुमारे १२० × १४० सेंमी. भरतो. सोबत स्पष्टीकरणाचा मजकूर छापण्यात आला. म्हणजे हे चित्र भिंतीवर लावून पाहण्याचे होते, तसेच जवळ उभे राहून वाचण्याचेही होते.

अम्लरेखनाचे तंत्र

चित्राच्या रचनेचा विचार करण्यापूर्वी त्यामागील तंत्र समजून घेणे उपयुक्त ठरेल. उत्कीर्णनात कारागीर पोलादी हत्याराने तांब्याच्या पत्र्यावर थेट रेषा खोदतो. त्याला जोर लागतो आणि रेषेला स्वाभाविकच एक ताठपणा येतो. अम्लरेखनात पत्र्यावर प्रथम आम्लरोधक लेप दिला जातो. कलावंत सुईने लेपावर रेखाटन करतो आणि जेथे सुई फिरते तेथे तांबे उघडे पडते. नंतर पत्र्यावर आम्ल सोडले की उघडा भाग खाल्ला जातो व रेषा खोल होतात. लेप काढून, रेषांमध्ये शाई भरून, दाबयंत्राखाली ओला कागद दाबला की चित्र उमटते. ते मूळ रेखाटनाच्या उलट, आरशातल्यासारखे उमटते. म्हणून नकाशा किंवा अक्षरे असलेले चित्र करताना पत्र्यावर सर्व काही उलटे काढावे लागते.

कालोने या तंत्रात केलेल्या सुधारणांची नोंद आब्राहाम बॉस याने १६४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. त्यांपैकी तीन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे कठीण लेप. पूर्वीच्या मेणासारख्या मऊ लेपाऐवजी त्याने तंतुवाद्ये बनवणारे कारागीर वापरीत त्या प्रकारचे रोगण वापरले. हा लेप सहजासहजी सुटत नसे. त्यामुळे मोठ्या पत्र्यावर दीर्घकाळ काम करता येई आणि आम्ल नको तेथे झिरपण्याचा धोका कमी होई. दुसरी गोष्ट म्हणजे तिरक्या टोकाचे हत्यार. ते बोटांत किंचित फिरवले की एकाच ओढीत रेषा बारीक सुरू होऊन जाड होत जाते आणि पुन्हा बारीक होते. त्यामुळे दोन-तीन रेषांत माणसाची आकृती उभी राहते.

तिसरी गोष्ट टप्प्याटप्प्याने आम्ल देण्याची. दूरच्या दृश्याच्या रेषा थोडा वेळ आम्लात ठेवून त्यांवर लेप देऊन त्या बंद करायच्या, मग जवळच्या दृश्याच्या रेषांना पुन्हा आम्ल द्यायचे, असा हा क्रम आहे. दूरच्या रेषा उथळ राहून फिकट छापल्या जातात, तर जवळच्या खोल होऊन गडद छापल्या जातात. यातून अंतराचा भास निर्माण होतो. ‘ब्रेडाचा वेढा’ या चित्रातील अग्रभागाची गडद माणसे आणि वरच्या भागातील फिकट, नाजूक नकाशा यांतील फरक प्रामुख्याने याच पद्धतीतून आला आहे.

चित्राची रचना

या चित्राकडे पाहताना प्रथम जाणवते ती विहंगम दृष्टी. प्रेक्षक एखाद्या उंच टेकडीवर उभा आहे असे वाटते. ब्रेडाच्या परिसरात अशी टेकडी नाही. तेथील प्रदेश सपाट आहे. म्हणजे ही दृष्टी कोणाही माणसाला प्रत्यक्षात मिळालेली नव्हती. ती मोजणी व कल्पना यांतून तयार केलेली आहे.

शिवाय ही दृष्टी सर्वत्र सारखी नाही. चित्राच्या खालच्या भागात जमीन तिरकस कोनातून दिसते. तेथे माणसे, घोडे व गाड्या समोरून पाहिल्यासारख्या आहेत. दृष्टी वर सरकते तशी जमीन जणू उभी होत जाते आणि शहराजवळ पोहोचेपर्यंत आपण जवळजवळ थेट वरून पाहू लागतो. ब्रेडा तेथे तटबंदी, बुरूज आणि खंदक यांनी आखलेल्या आकृतीच्या रूपात येते. यथादर्शनाच्या नियमांनुसार हे दोन दृष्टिकोन एका चित्रात बसत नाहीत. कालोने ते मधल्या भागात इतक्या सावकाश एकमेकांत मिसळले आहेत की सांधा सहसा लक्षात येत नाही.

विश्लेषणाच्या सोयीसाठी चित्राचे तीन पट्टे कल्पिता येतील. वरचा पट्टा नकाशाचा आहे. त्यात शहर, नदी, पाण्याखालची जमीन, मोर्चांच्या रांगा आणि दमदमे येतात. हा भाग अभियंत्यांच्या मोजणीवर आधारलेला असल्याने त्याची इतर आराखड्यांशी तुलना करून पडताळणी करता येते. मधला पट्टा हालचालींचा आहे. सैन्याच्या तुकड्या, छावण्या आणि रस्त्यांवरून जाणारी वाहतूक येथे दिसते. खालचा पट्टा माणसांचा आहे. त्यात घोडेस्वार, पायदळ, सैन्यामागून जाणारी माणसे, लाकूडफाटा व अन्न गोळा करणारे सैनिक आणि लुटीचे प्रसंग येतात. या भागातील माणसे विशिष्ट व्यक्ती म्हणून ओळखता येत नाहीत. सैनिकी जीवनातील नेहमीचे प्रकार म्हणून ती आलेली आहेत.

या तीन पट्ट्यांची विश्वासार्हता तीन प्रकारची आहे, हे येथे आग्रहाने नमूद केले पाहिजे. वरच्या पट्ट्यातील दमदम्याची जागा ही माहिती आहे. खालच्या पट्ट्यातील लूट करणारा सैनिक ही अमुक दिवशी अमुक ठिकाणी घडलेल्या घटनेची नोंद नाही. मात्र वेढ्याच्या काळात भोवतालच्या खेड्यांवर काय ओढवत असे, याची ती साक्ष आहे. एकाला लावायची कसोटी दुसऱ्याला लावली तर दोन्हींबाबत चुकीचा निष्कर्ष निघतो.

चित्रातील काळ

स्थळाप्रमाणेच काळाबाबतही हे चित्र संमिश्र आहे. शिबंदी बाहेर पडल्यानंतर, जून १६२५ मध्ये इसाबेलाने ब्रेडाला भेट दिली. तिच्या आगमनाची मिरवणूक चित्रात दिसते. त्याच चित्रात मोर्चे पूर्ण सज्ज आहेत आणि वेढा चालू आहे. प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकाच वेळी घडलेल्या नाहीत. नऊ महिन्यांतील निरनिराळे क्षण एका दिवसाच्या उजेडात एकत्र आणलेले आहेत.

याला चित्रकाराची गफलत म्हणता येणार नाही. छापील चित्रात अनेक प्रसंग एकत्र दाखवण्याची पद्धत त्या काळी रूढ होती आणि सोबतच्या मजकुरामुळे वाचकाला प्रसंगांचा क्रम समजत असे. तथापि या मांडणीचा एक परिणाम होतो. वेढ्यातील अनिश्चितता नाहीशी होते. पाण्याचा धोका, मदतीला येणारी फौज, टेरहायडेनचा हल्ला या घटना घडत असताना शेवट काय होईल हे स्पिनोलालाही ठाऊक नव्हते. चित्रात मात्र विजयी राज्यकर्ती अगोदरच येऊन पोहोचलेली आहे. वेढा आणि त्याचा निकाल एकाच दृष्टिक्षेपात आल्यामुळे तो निकाल अटळ होता असे वाटू लागते. विजयाचे स्मारक म्हणून या चित्राचे जे काम होते, ते काळाच्या या मांडणीतून साधले गेले आहे.

चित्रात न दिसणारी उपासमार

ब्रेडा पडले ते भुकेने. तोफांपेक्षा रसद तोडण्याने हा वेढा निर्णायक ठरला. शहरात अन्नाचा तुटवडा झाला, स्कर्व्ही व इतर रोग पसरले आणि शिबंदीबरोबर सामान्य नागरिकही मृत्युमुखी पडले. बाहेर वेढा घालणाऱ्या सैन्यालाही थंडी, चिखल आणि अन्नटंचाई यांना तोंड द्यावे लागले. त्यांच्यासाठी लांबून गाड्यांचे तांडे सशस्त्र संरक्षणात आणावे लागत.

कालोच्या चित्रात बाहेरच्या सैन्याची ही धडपड काही प्रमाणात दिसते. गाड्या आहेत, लाकूडफाटा आहे, लूट आहे. मात्र शहरातील उपासमार कोठेही नाही. वरून पाहिलेल्या शहरात घरे व रस्ते आखता येतात, घरातील रिकामे भांडे दाखवता येत नाही. ज्या शस्त्राने युद्ध जिंकले गेले आणि ज्या माणसांवर ते चालवले गेले, ती दोन्ही चित्राच्या कक्षेबाहेर राहिली आहेत. दृष्टी जितकी उंच, तितकी रचना स्पष्ट आणि माणूस अस्पष्ट, ही नकाशाची मर्यादा येथे ठळकपणे दिसते. राज्यकर्तीने मागवलेल्या विजयचित्राला ही मर्यादा सोयीचीही होती.

या संदर्भात कालोचे पुढील काम लक्षात घेण्याजोगे आहे. ब्रेडाच्या चित्रानंतर फ्रान्सचा राजा तेरावा लुई याच्यासाठी त्याने रे बेटाचा वेढा आणि ला रोशेलचा वेढा ही दोन मोठी चित्रे केली. १६३३ मध्ये याच राजाच्या सैन्याने नान्सी घेतले. या विजयाचेही चित्र काढावे असे कालोला सांगण्यात आले आणि त्याने आपल्या देशाविरुद्ध तसे करण्यास नकार दिला, अशी आख्यायिका नंतरच्या फ्रेंच चरित्रकारांनी नोंदवली आहे. त्याच वर्षी त्याची ‘युद्धाच्या यातना’ ही अठरा छोट्या अम्लरेखनांची मालिका प्रसिद्ध झाली. तिच्यात सैन्यभरती, लूट, जाळपोळ, सैनिकांना दिलेल्या भयंकर शिक्षा, जखमी व भिकारी सैनिक आणि शेतकऱ्यांनी घेतलेला सूड यांचे चित्रण आहे. ब्रेडाच्या चित्रात जे प्रसंग खालच्या पट्ट्यात, कडेला होते, ते येथे मध्यभागी आले. एका चित्रामुळेच दुसरे निर्माण झाले असे सिद्ध करता येत नाही. तरी वेढ्याच्या चित्रांसाठी केलेल्या निरीक्षणाचा उपयोग या मालिकेत झाला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

विजयाचे अल्पायुष्य आणि चित्राचे दीर्घायुष्य

चित्र प्रसिद्ध होईपर्यंत परिस्थिती पालटू लागली होती. १६२७ मध्ये स्पेनच्या राजसत्तेला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. १६२८ मध्ये, म्हणजे चित्राच्या प्रकाशनाच्याच वर्षी, अमेरिकेतून चांदी घेऊन येणारा स्पॅनिश ताफा डच आरमाराने क्यूबाजवळ पकडला. १६२९ मध्ये फ्रेडरिक हेन्ड्रिकने सेर्टोखेनबोस हे महत्त्वाचे शहर घेतले. १६३० मध्ये इटलीतील कासाले येथील वेढ्याच्या वेळी स्पिनोलाचे निधन झाले. १६३७ मध्ये ब्रेडा पुन्हा डचांनी जिंकले आणि १६४८ च्या तहानंतर ते कायम त्यांच्याकडे राहिले.

विजय बारा वर्षे टिकला, पण त्याची प्रतिमा टिकून राहिली. दिएगो व्हेलाझ्केझ याने १६३४–३५ मध्ये माद्रिदच्या राजवाड्यासाठी ‘ब्रेडाची शरणागती’ हे भव्य तैलचित्र रंगवले. सध्या ते प्रादो संग्रहालयात आहे. त्याच्या पार्श्वभूमीतील प्रदेश रंगवताना व्हेलाझ्केझने कालोच्या मुद्राचित्राचा आधार घेतला असावा, असे अभ्यासक मानतात. दोन चित्रांतील फरक उद्‌बोधक आहे. व्हेलाझ्केझने दोन सेनापतींच्या भेटीचा एकच क्षण निवडला. शहराच्या किल्ल्या पुढे करणाऱ्या यूस्टिनसच्या खांद्यावर स्पिनोला सौजन्याने हात ठेवतो. कालोने क्षणाऐवजी सगळा प्रदेश निवडला. एका चित्रात युद्ध हा दोन माणसांमधील व्यवहार होतो, तर दुसऱ्यात तो जमीन, पाणी, माती आणि हजारो अनामिकांचे श्रम यांचा व्यवहार होतो. वेढा प्रत्यक्षात कसा चालतो हे समजून घेण्यासाठी कालोचे चित्र अधिक उपयुक्त आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निष्कर्ष

१. ‘ब्रेडाचा वेढा’ हे प्रत्यक्षदर्शीने काढलेले दृश्य नाही. मोजणी, लिखित वृत्तांत आणि नंतर केलेली पाहणी यांच्या आधारे केलेली ती रचना आहे.

२. टप्प्याटप्प्याने आम्ल देण्याच्या तंत्रामुळे कालोला नकाशा आणि सैनिकी जीवन एकाच पृष्ठावर आणता आले. तंत्राचा विचार केल्याशिवाय या चित्राचा आशय पूर्णपणे समजत नाही.

३. चित्राच्या निरनिराळ्या भागांची विश्वासार्हता निरनिराळी आहे. मोर्चांच्या रचनेसाठी ते चांगले साधन आहे, घटनाक्रमासाठी ते दुर्बळ आहे आणि सैनिक व खेड्यांतील लोक यांच्या स्थितीसाठी ते अप्रत्यक्ष परंतु मोलाचे साधन आहे.

४. वेढ्यातील नागरिकांचे हाल या चित्रात नाहीत. साधनातील ही पोकळी इतर साधनांनी भरून काढणे ही इतिहासकाराची जबाबदारी आहे.

विजेत्याने करवून घेतलेले चित्र म्हणून या कृतीकडे दुर्लक्ष करणे जितके अयोग्य, तितकेच तिच्यातील बारकाव्यांना भुलून तिला निव्वळ सत्य मानणे अयोग्य ठरेल. ब्रेडा शहराची आकृती त्या कागदावर अचूक उतरली आहे. तटाच्या आत नऊ महिने उपाशी राहिलेली माणसे त्या आकृतीत दिसत नाहीत, याची जाणीव ठेवूनच ते चित्र वाचले पाहिजे.